घर राखणाराच एकटा पडतो तेव्हा

‘आम्ही बाहेर पडलो की कुत्रा रडतो, दार ओरबाडतो, चपला फाडून ठेवतो, काय करावं याला?’ असं विचारणाऱ्या बऱ्याच जणी हल्ली भेटतात. आमच्या वडिवळ्यासारख्या गावात पूर्वी हा प्रश्नच नव्हता. पडवीत आजी-आजोबा असायचे, आणि भातखाचराकडे निघालं की कुत्राही मागोमाग यायचा. आता घरातली मोठी माणसं कामशेतला जाऊन लोकल पकडतात, मुलं शाळेत आणि दाराला कुलूप! मग शेजारी तक्रार करतात, कुणी छडी उगारतं, आणि शेवटी कुणीतरी सुचवतंच, ‘द्या सोडून लांब कुठेतरी.’

तसं करण्याआधी एक गोष्ट समजून घ्या. हा खोडसाळपणा नाही, ही भीती आहे. बालवाडीच्या पहिल्या दिवशी आई फाटकाबाहेर गेली की मूल जसं हंबरडा फोडतं, तसंच हे. आई परत येते, हे मुलाला अनुभवानेच पटतं. कुत्र्यालाही ते थोडं थोडं करून पटवावं लागतं.

सुरुवात कुलपापासून नको, तयारीपासून करा. आपण पर्स घेतली, किल्ल्या वाजल्या, चपला घातल्या की त्याची घालमेल सुरू होते. म्हणून दिवसातून चार-पाचदा किल्ल्या उचला आणि तांदूळ निवडायला बसा. चपला घाला आणि भाजी चिरा. या खुणांचा जाण्याशी संबंध नाही असं वाटलं की त्याची धडधड कमी होते.

मग दाराबाहेर जा, पण अर्धाच मिनिट. तो रडायच्या आत परत या. मग एक मिनिट, दोन, पाच. अधूनमधून वेळ कमीही करा. रडायला लागला तर आपण घाई केली असं समजून एक पायरी मागे या. बहुतेकांचा जीव पहिल्या अर्ध्या तासातच जास्त कासावीस होतो; तेवढा वेळ निवांत काढता आला की पुढचं सोपं जातं. याला काही आठवडे लागतात, बरं का! तोवर फार वेळ एकटं ठेवू नका. शेजारच्या मावशींकडे किंवा ओळखीच्या घरी सोय करा. विजा कडकडत असतील, पत्र्यावर पाऊस ताशासारखा वाजत असेल, त्या दिवशी नवा धडा नको.

निघण्यापूर्वी त्याला चांगलं फिरवून आणा, शी-शू उरकू द्या. पाणी भरून ठेवा. भाकरीचे बारीक तुकडे जाड गोणपाटावर विखरून द्या. हुंगून शोधण्यात त्याचं मन रमतं. मात्र तो गोणपाट चावून खाणारा असेल, तर तुकडे फरशीवरच टाका. कांदा घातलेलं उरलंसुरलं, मनुका, द्राक्षं आणि चॉकलेट मुळीच देऊ नका. ही त्याला विषासारखी आहेत. शिजवलेली हाडंही नकोत. जाताना गळ्यात पडून निरोप नको, आल्यावर फार लाडही नकोत. तो शांत झाला की मग मायेने हात फिरवा.

आता छडीबद्दल. ‘मेल्याला कळतं हो, बघा कसा मान खाली घालतो!’ असं आपण म्हणतो. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली याचीच परीक्षा घेतली. मना केलेला खाऊ कुत्र्याने खाल्ला की नाही, हे मालकांना कधी खरं, कधी खोटं सांगितलं. मान खाली घालणं, नजर चुकवणं हे खाऊ खाण्यावर नव्हे, मालकाच्या रागावण्यावर अवलंबून होतं. न खाताही बोलणी बसलेले कुत्रे तर सर्वांत ओशाळे दिसले! दुपारच्या फाटक्या चपलेसाठी संध्याकाळी मारलं, तर तुमच्या येण्याचीच धास्ती त्याला बसेल.

साखळीनेही प्रश्न सुटत नाही. १९६०च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याने जनावराला फार आखूड किंवा फार जड साखळीने वाजवीपेक्षा जास्त वेळ बांधून ठेवणं गुन्हा आहे. शिवाय आपल्या मावळात बिबट्याचा वावर आहे. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. तिथल्या बिबट्यांच्या आहारात, वजनाच्या हिशेबाने, सर्वांत मोठा वाटा पाळीव कुत्र्यांचाच होता. अंगणात बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही. यायला उशीर होणार असेल, तर त्याला घरातच ठेवा.

एवढं करूनही तो तोंडातून रक्त येईपर्यंत दार चावत असेल, अन्नपाणी सोडत असेल, किंवा म्हातारपणी अचानक असं वागू लागला असेल, तर पशुवैद्यकांना दाखवा. काही वेळा दुखणं असतं, काही वेळा औषधाची मदत लागते. घरातली पॅरासिटामॉलची गोळी मात्र चुकूनही देऊ नका हं!

उद्यापासूनच बघा. सकाळी किल्ल्या वाजवा आणि खुशाल चहा करायला बसा. पहिला धडा झाला की!