खापर फुकट्याच्याच माथी का?

गाण्याच्या नावाखाली मालवेअर पसरले की निकाल तयारच असतो : फुकटची गाणी उतरवणाऱ्यांनी आपल्या कर्माची फळे भोगावीत. मे २००८मध्ये लाइमवायरसारख्या फाइली वाटून घेण्याच्या जाळ्यांवर लोकप्रिय गाण्यांच्या नावाच्या बनावट फाइली सुटल्या आणि मकॅफी या अँटिव्हायरस कंपनीला त्या थोड्याच दिवसांत सुमारे पाच लाख संगणकांवर आढळल्या. फाइल उघडली तरी गाणे वाजत नसे. आधी अमुक प्लेअर उतरवा, असा आग्रह होई आणि 'हो' म्हणताच जाहिरातींचा भडिमार सुरू होई. गायक-संगीतकारांचा मोबदला बुडवणे समर्थनीय नाहीच. पण त्यावरून 'विकत घेणारा सुरक्षित' असा जो निष्कर्ष काढतात, तो टिकत नाही. सोनी बीएमजी या संगीत कंपनीने नक्कल रोखण्यासाठी काही सीडींमध्ये घातलेला प्रोग्राम विंडोजच्या गाभ्यात शिरून स्वतःला दडवत असे; विंडोजतज्ज्ञ मार्क रुसिनोविच यांनी ३१ ऑक्टोबर २००५ रोजी ते उघड केले. ठरावीक अक्षरांनी नाव सुरू होणारी कोणतीही फाइल तो लपवी, मग ती कुणाचीही असो, आणि काही दिवसांतच त्याच आडोशाला ट्रोजन येऊन बसले. हा धोका ओढवला तो पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकावर.

एमपी-थ्रीत नुसता आवाज असतो, तेव्हा नको ते बटण दाबणाराच दोषी, असेही म्हणतात. २००८मधल्याच 'गेटकोडेक' वर्मने याचे उत्तर दिले आहे. संगणकावर आधीपासून असलेली गाणी तो विंडोज मीडियाच्या साच्यात बदलत असे, फाइलनावाच्या शेपटीचे (एक्स्टेन्शनचे) 'एमपी-थ्री' तसेच ठेवत असे आणि आत वेबपत्ता उघडण्याचा हुकूम घालत असे. गाणे लावले की ते वाजवायला कोडेक (आवाज उलगडणारा प्रोग्राम) हवा म्हणून खिडकी येई. रोज ऐकलेल्या, स्वतःच्या संग्रहातल्या गाण्याने मागितलेल्या परवानगीला श्रोत्याची जाणती संमती कसे म्हणायचे? असे हुकूम फाइलीत ठेवण्याची सोय उपयोगी होती, हे मान्य. पण न विचारता ते पाळणे हा प्लेअर बनवणाऱ्यांचा निर्णय होता. विंडोजने फाइलनावाची खरी शेपटी लपवणे हाही निर्णयच. त्यामुळे 'एमपी-थ्री'पुढे जोडलेले 'ईएक्सई' दिसतच नाही आणि चालू होणारा प्रोग्राम गाणे म्हणून समोर येतो. मे २०००मधल्या 'लव्ह लेटर' वर्मने नेमका याच लपवाछपवीचा फायदा घेतला होता. तरीही विंडोज ११मध्येसुद्धा ही शेपटी मुळात लपवलेलीच असते. वापरणाऱ्याला सावधगिरी शिकवण्याआधी ती उघडी ठेवणे मायक्रोसॉफ्टच्या हातात आहे.