खोकल्याची बाटली आणि घरातील विवेक

दिवाळी सरते, वऱ्हाडात कापसाची वेचणी वेग घेते आणि पहाटेच्या गारठ्याबरोबर घरोघरी खोकल्याची उबळ ऐकू येऊ लागते. वर्धा शहराला लागून असलेले नालवाडी त्याला अपवाद नाही. छाती भरली, घशात घरघर सुरू झाली की घरातील एखादा मुलगा कोपऱ्यावरच्या दुकानात धाडला जातो. "खोकल्याचे औषध द्या" एवढेच तीन शब्द तो उच्चारतो आणि दुकानदार हाताला लागेल ती बाटली पुढे सरकवतो. कोणाला खोकला आहे, वय किती, खोकला कोरडा की कफाचा, आधीचे कोणते औषध चालू आहे, यांपैकी एकही प्रश्न कोणी विचारत नाही. पुढे तीच बाटली आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांना चमच्या-चमच्याने वाटली जाते. मध्यमवर्गीय घरातील हे दृश्य इतके परिचयाचे आहे की, त्यात काही गैर असावे अशी शंकाही मनाला शिवत नाही.

ती शंका यावी अशा घटना मात्र दूर कोठे घडलेल्या नाहीत. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यातील चिमुकली बालके मूत्रपिंडे निकामी होऊन नागपूरच्या रुग्णालयांत आणली गेली. वीसहून अधिक बालके दगावली. त्यांना सर्दी-खोकल्यासाठी 'कोल्ड्रिफ' नावाचे सिरप देण्यात आले होते. तामिळनाडूच्या औषध प्रशासनाने केलेल्या तपासणीत त्यात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य आढळले. याची मान्य मर्यादा आहे ०.१ टक्का! महाराष्ट्राला हे विष नवे नाही. १९८६ च्या प्रारंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच द्रव्याने दूषित झालेल्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्णांना प्राण गमवावे लागले होते. त्या प्रकरणी नेमलेल्या न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने औषध प्रशासनापासून रुग्णालयापर्यंत आणि मंत्र्यांपर्यंत कोणालाही सोडले नव्हते. अमेरिकेत १९३७ साली याच विषाने शंभराहून अधिक बळी घेतले, तेव्हा पुढच्याच वर्षी तेथे औषधविषयक नवा कायदा आला. २०२२ मध्ये गांबियात बालके मृत्युमुखी पडली आणि भारतीय बनावटीच्या सिरपांवर जगाचे बोट रोखले गेले. प्रत्येक वेळी चौकशा झाल्या, परवाने रद्द झाले. परंतु विष पुन्हा बाटलीत उतरलेच.

सिरपातील औषध विरघळावे, म्हणून ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉल यांसारखी द्रव्ये वापरली जातात. त्यांच्या जागी औद्योगिक प्रतीचा स्वस्त माल आला आणि कारखान्याने त्याची तपासणी टाळली, की अनर्थ ओढवतो. हे रोखणे ही उत्पादकांची आणि शासनाची जबाबदारी आहे आणि तिचा जाब त्यांना विचारलाच पाहिजे. ते विष चवीला गोडसर असते. वासाने किंवा रंगाने कोणत्याही गृहिणीला ते ओळखता येणार नाही. छिंदवाड्यातील अनेक मुलांना तर हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवरूनच मिळाले होते. मग सामान्य कुटुंबाच्या हाती काय उरते? एक गोष्ट निश्चित उरते. अनावश्यक बाटली घरात न आणणे आणि आणलेली बाटली डोळसपणे वापरणे.

त्यासाठी प्रथम खोकला समजून घेतला पाहिजे. खोकला हा शत्रू नव्हे. श्वसनमार्गातील कफ बाहेर टाकण्याची ती शरीराची स्वतःची योजना आहे. कफोत्सारक औषधे या कामी साहाय्य करतात. ग्वायफेनेसिन, ब्रोमहेक्झिन, अँब्रॉक्सॉल ही त्यांतील प्रचलित नावे. ती कफ पातळ करतात, जेणेकरून तो सुटावा. याउलट डेक्स्ट्रोमेथॉर्फन किंवा कोडीन यांसारखी औषधे खोकल्याची उबळच दाबून टाकतात. छातीत कफ भरलेला असताना उबळ दाबणे म्हणजे घरात कचरा साठलेला असताना दार लावून घेणे होय. बाजारात दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी उभे असतात आणि वेष्टनावरील चित्रे बहुधा सारखीच दिसतात. म्हणून नाव न पाहता घटक पाहावेत. एक औषध पुरेसे असताना चार औषधांचे मिश्रण घेण्याचे कारण नाही. अनेक मिश्रणांत क्लोरफेनिरामिन असते, त्याने झोप येते. ते घेऊन दुचाकी चालवणे धोक्याचे. काहींत फेनिलेफ्रिन असते, त्याने रक्तदाब वाढू शकतो. काहींत साल्ब्युटामॉल किंवा टर्ब्युटालिन असते, त्याने छातीत धडधड होते, हात थरथरतात. काहींत पॅरासिटामॉलही दडलेले असते. तापासाठी त्याची गोळी वेगळी घेतली जात असेल तर मात्रा नकळत दुप्पट होते आणि यकृतावर ताण येतो.

मात्रेविषयीही शिस्त हवी. प्रौढ व्यक्तीसाठी ग्वायफेनेसिनची एका वेळची मात्रा सामान्यतः २०० ते ४०० मिलिग्रॅम, चार तासांच्या अंतराने आणि दिवसाकाठी २४०० मिलिग्रॅमच्या आत असते. बाटलीवर ५ मिलिलिटरमध्ये किती औषध आहे ते लिहिलेले असते. तेवढा हिशेब शाळकरी मुलालाही जमेल. स्वयंपाकघरातील चमचे लहान-मोठे असतात. त्यांऐवजी बाटलीसोबतचे मापाचे झाकण वापरावे. औषधासोबत भरपूर कोमट पाणी प्यावे, कारण कफ पातळ करण्याचे निम्मे काम पाणीच करते. मधुमेह असलेल्यांनी सिरपातील साखरेकडे लक्ष द्यावे. जठरव्रणाचा त्रास असलेल्यांनी ब्रोमहेक्झिन वा अँब्रॉक्सॉल डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. गर्भवती आणि स्तनदा मातांनी तर कोणतेही औषध परस्पर घेऊ नये.

मुलांच्या बाबतीत निग्रह आणखी कठोर हवा. केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये स्पष्ट सूचना दिली, की दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांनाही ती सर्वसाधारणपणे देण्याजोगी नाहीत. मुलांचा बहुतेक खोकला आपोआप बरा होतो. विश्रांती, पुरेसे पाणी, अंगावर ऊबदार कपडे आणि एक वर्षावरील मुलास चमचाभर मध एवढ्याने बहुधा भागते. वर्षाखालील बाळाला मात्र मधही देऊ नये. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर मुलाला वाकवून वाफ देण्याची रीत भाजण्याला निमंत्रण देते, तीही टाळावी.

येथे अडुळशाची आठवण होणे स्वाभाविक आहे. कुंपणाला लावलेले हे झुडूप कित्येक पिढ्यांचे कफाचे औषध. आजच्या काळात जगभर विकले जाणारे ब्रोमहेक्झिन हे अडुळशातील व्हॅसिसिन या द्रव्याच्या धाग्यावरूनच प्रयोगशाळेत घडवले गेले. आपल्या परंपरेचा अभिमान बाळगावा असाच हा दाखला आहे. परंतु अभिमान म्हणजे सवलत नव्हे. ज्या वनस्पतीत गुण आहे तिच्यात परिणाम आहे आणि जेथे परिणाम आहे तेथे मात्रा आणि पथ्य आहेच. आयुर्वेदाने तर हे पूर्वापार सांगितले. तेव्हा 'आयुर्वेदिक आहे, कितीही घ्या' हे म्हणणे आयुर्वेदाचाच अवमान करणारे आहे.

स्वतः उपचार करण्याची मर्यादाही ठाऊक असावी. खोकल्यातून रक्त पडणे, धाप लागणे, छातीत दुखणे, जोराचा ताप, घटणारे वजन यांपैकी काहीही दिसले तर बाटली बाजूला ठेवून दवाखाना गाठावा. एक ते पाच वर्षांचे मूल मिनिटाला ४० किंवा त्याहून अधिक श्वास घेत असेल, किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत खेचला जात असेल, तर तो न्यूमोनिया असू शकतो. क्षणाचाही विलंब करू नये. औषधानंतर उलट्या होऊ लागल्या आणि लघवी कमी झाली तर बाटली सोबत घेऊनच रुग्णालयात जावे. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेल्या खोकल्याची थुंकी तपासून घ्यावी. क्षयरोगाची तपासणी आणि उपचार शासकीय केंद्रांत विनामूल्य आहेत. वर्धेकरांना तर सेवाग्रामचे रुग्णालय हाकेच्या अंतरावर आहे. सिरपाच्या गोडीखाली क्षय महिनोन् महिने झाकून ठेवणे हा स्वतःचा आणि शेजाऱ्यांचाही घात आहे.

वस्तीपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी या हिवाळ्यात एवढा विषय हाती घेतला तरी पुष्कळ होईल. औषधाची पावती घ्यावी, तीवर बॅच क्रमांक असावा, मुदत तपासावी, उरलेली जुनी बाटली पुढच्या हिवाळ्यासाठी जपून ठेवू नये, या गोष्टी दहा घरांत सांगितल्या तर दहा घरे सावध होतात. याच नालवाडीत १९३२ पासून विनोबांनी चरख्यावर कठोर श्रमजीवनाचा प्रयोग केला. प्रकृती ढासळली तेव्हा गांधीजींच्या आग्रहावरून १९३८ मध्ये ते धाम नदीकाठी पवनारला राहण्यास गेले. मोकळी हवा आणि विश्रांती यांना त्यांनी औषधाचे स्थान दिले. प्रत्येक आजारात हे पुरेल असे नाही. पण औषधाआधी विचार आणि औषधासोबत संयम, हा त्यातील धडा आजही तितकाच मोलाचा आहे. बाटलीवर कारखान्याचे नाव छापलेले असते. ती उघडणाऱ्या हाताची जबाबदारी मात्र घराची असते.