नालीत गोठलेले तेल

लातूर किंवा नांदेडच्या एखाद्या वर्दळीच्या हॉटेलामागे रात्री अकरानंतर उभे राहून पाहावे. तर्रीची पातेली, भज्यांच्या कढया, निलंगा राईसची भांडी गरम पाण्याने विसळली जातात आणि लालसर तवंग मोरीतून नालीत उतरतो. गरम तेल वाहते. थंड झाले की पाइपाला आतून चिकटते. त्यात साबण आणि बोअरच्या पाण्यातील क्षार मिसळले की मेणासारखा थर धरतो. त्यावर भाताची शिते, चहाचा चोथा, प्लास्टिक अडकते. मग मोठ्या पावसात चेंबर उफाळते आणि हॉटेलातली घाण शेजाऱ्याच्या उंबऱ्याशी येते. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात २०१७ मध्ये अशाच चरबीचा अडीचशे मीटर लांबीचा गोळा गटारात सापडला होता.

यावरचे साधन साधे आहे. ग्रीस ट्रॅप म्हणजे आत आडपडदे असलेली पेटी. तिच्यात पाणी संथ होते, तेल वर तरंगते, खरकटे तळाशी बसते आणि मधले पाणी पुढे जाते. नियमांचीही वानवा नाही. पर्यावरण संरक्षण नियमांतील मानकांनुसार सार्वजनिक गटारात सोडायच्या सांडपाण्यात तेल आणि ग्रीस लिटरमागे २० मिलिग्रॅमहून, तर नदीत सोडायच्या सांडपाण्यात १० मिलिग्रॅमहून अधिक असता कामा नये. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांतही हॉटेलांसाठी हा ट्रॅप आहे. वारंवार तळलेले तेल किती खराब झाल्यावर टाकून द्यावे, याची मर्यादा अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ पासून लागू केली आहे.

खरी गोम पेटी बसवण्यात नाही, ती रिकामी करण्यात आहे. तेल आणि गाळाने पेटी पाव भरली की उपसावी, असा संकेत आहे. तुडुंब भरलेल्या पेटीतून तेल थेट नालीत जाते. ती असून नसल्यासारखीच. परवान्यापुरती बसवलेली पेटी पुन्हा उघडलीच नाही, तर तिचे ओझे अखेर सफाई कामगारावर पडते. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने मनाई आहे. गटार साफ करताना होणाऱ्या मृत्यूसाठी ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये बजावले. पण चेंबर तुंबूच न देणे, हेच त्या जिवाचे खरे रक्षण.

पाण्याची किंमत लातूरला कोणी शिकवायला नको. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे या शहरात आली होती. अशा प्रदेशात सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरण्यावाचून गत्यंतर नाही आणि तेलकट पाणी शुद्धीकरण केंद्रातील जिवाणूंचे काम अडवते. गोदावरीत उतरणाऱ्या नाल्यांचा प्रश्न नांदेडलाही जुनाच आहे. लातूरकडची मांजरा आणि नांदेडची गोदावरी पुढे कंदकुर्तीला एकमेकींना भेटतात. तेव्हा हा प्रश्नही एकाच खोऱ्याचा आहे.

छोट्या हॉटेलवाल्यांची खर्चाची अडचण खोटी नाही. म्हणूनच दोन्ही महापालिकांनी सुरुवात मोठ्या हॉटेलांपासून, मंगल कार्यालयांपासून आणि शिकवणी वर्गांच्या भोवती वाढलेल्या मोठ्या मेसपासून करावी. खाऊगल्लीतील गाड्यांसाठी सामाईक पेटी बांधावी. उपसलेले तेल नेणारी गाडी ठरलेल्या वारी यावी, नाहीतर पेटीतला गाळ पुन्हा त्याच नालीत ओतला जाईल. परवान्याचे नूतनीकरण करताना पेटीच्या फोटोवर भागवू नये; ती कधी उपसली, गाळ कोणी नेला, याची नोंदवही तपासावी. हे सारे येत्या पावसाळ्याआधी व्हावे.

नांदेडच्या लंगरात वाढणे ही जशी सेवा, तशीच उष्टी भांडी घासणे हीही सेवा मानली जाते. पंगत उठल्यावर उष्टी काढणे हे यजमानाचेच काम, ही आपल्या घरांतलीही रीत आहे. अन्न विकून पोट भरणाऱ्या प्रत्येक स्वयंपाकघराने ती पाळावी आणि ती पाळली जाते की नाही, हे महापालिकांनी झाकण उघडून पाहावे.