एक्स्टर्नल पास करतो, माशी करत नाही!

बीईच्या प्रोजेक्टला मार्क कोण देतं? इंटर्नल आणि एक्स्टर्नल, बरोबर? आमच्या ग्रुपला मात्र शेवटचे मार्क मधमाश्यांनी दिले. पहिल्या अटेम्प्टला चक्क नापास!

त्याचं झालं असं... सातारा जिल्ह्यात माझ्या मामाकडे मेलिफेरा जातीच्या मधमाश्यांच्या बारा पेट्या आहेत. पेटीतल्या लाकडी चौकटींत षटकोनांचे ठसे उमटवलेला मेणाचा पातळ पत्रा बसवतात. त्या ठशांवर माश्या स्वतःच्या मेणाने भिंती चढवतात आणि पोळं तयार होतं. पण हा मेणपत्रा उन्हाळ्यात मऊ पडून वाकतो, मेणकिडा त्याला पोखरतो, आणि मध काढायच्या यंत्रात चौकट जोरात फिरवली की नवं पोळं तुटतं. आम्ही म्हटलं, सोप्पं आहे! मेणाऐवजी प्लास्टिकचा पत्रा लावू. तयार पत्रे विकत आणले. व्हर्नियर लावून घर मोजलं, ५.४ मिलिमीटर, अगदी कामकरी माशीच्या मापाचं. यंत्रात पत्र्यावर येणाऱ्या ताणाचं कॅल्क्युलेशन केलं. सेमिनारला सर खूश, आम्हीही खूश.

सूर्यफूल फुललं तेव्हा मामाच्या दोन पेट्यांत मेणाचा आणि प्लास्टिकचा पत्रा एकाआड एक लावला. आठव्या दिवशी झाकण उघडलं. मेणपत्र्यांवर पांढरंशुभ्र पोळं, आणि प्लास्टिक कोरं करकरीत! एका ठिकाणी तर माश्यांनी आमचा पत्रा टाळून मधल्या फटीतच वाकडंतिकडं पोळं लटकवलं होतं.

"मामा, या माश्यांना काही कळतच नाही," मी म्हणालो.

मामा हसला नाही. "अरे, कळत कुणाला नाही ते बघ आधी. फुलं काय तुझ्या प्रोजेक्टसाठी थांबणार आहेत? पोळं नाही तर मध ठेवायचा कुठं? या दोन पेट्यांचा हंगाम गेला."

मग मी वाचायला बसलो. (हे आधी करायचं असतं!) मेण माश्या बाहेरून आणत नाहीत. साधारण १२ ते १८ दिवसांच्या कामकरी माश्यांच्या पोटाखालच्या ग्रंथींतून त्याचे खवले निघतात, आणि माशी ते चावून मऊ करून लावते. एक किलो मेण तयार व्हायला सहा ते आठ किलो मध खर्ची पडतो, असं सर्वसाधारणपणे धरतात. इतकं महागडं मटेरियल ती मेणाचा वासही नसलेल्या गुळगुळीत पत्र्यावर का खर्च करेल? तेही शेजारीच मेणपत्रा असताना!

दुसऱ्या अटेम्प्टला मामाच आमचा गाईड झाला. जुन्या पोळ्यांचं मेण त्याने गरम पाण्यात भांडं ठेवून वितळवलं. ब्रशने पत्र्यावर पातळ हात दिला, घरांच्या तळाशी मेण साचू न देता. या वेळी शेजारी मेणपत्रे ठेवले नाहीत. चौकटी एकमेकींना चिकटून बसवल्या, म्हणजे मधल्या फटीत बांधायला वावच नाही. सूर्यफूल संपत आलं होतं, म्हणून साखरेचा पाक ठेवला. पाक मधात मिसळू नये म्हणून वरचा मधाचा कप्पा आधीच काढून घेतला. दहा दिवसांत माश्यांनी गच्च भरलेल्या पेटीत दोन्ही बाजूंनी पोळं उभं राहिलं. दुसऱ्या, कमी माश्यांच्या पेटीत तेच मेण लावूनही जेमतेम एक बाजू झाली. म्हणजे नुसतं मेण फासून भागत नाही. बांधणारे हात हवेत, घरात खायला हवं, आणि जागेची गरजही हवी.

काही जण म्हणतील, प्लास्टिक कृत्रिम, माशी ते का स्वीकारेल? मला हे पटत नाही. लाकडी चौकटही कृत्रिमच आहे की! १८५१ साली अमेरिकेत लँगस्ट्रॉथने पाहिलं की साधारण ६ ते ९ मिलिमीटरची फट माश्या मोकळी सोडतात. त्याहून लहान असेल तर चिकट राळेने बुजवतात, मोठी असेल तर तिथे पोळं बांधतात. त्याने तेवढी फट ठेवून उचलता येणारी चौकट केली. १८५७ साली जर्मनीत मेरिंगने मेणपत्रा केला. या दोघांनी माशीला शिकवलं नाही, तिच्याकडून माप घेतलं. आम्हीही माप घेतलं, पण पत्र्याचं!

हा प्रश्न फक्त माश्यांचा नाही. देशात १९८३ पासून निर्धूर चुली वाटल्या गेल्या. त्यातल्या कित्येक पुढे अडगळीत गेल्या. तेव्हाही बायकांना कळत नाही, असं म्हणणारे कमी नसतील. माशी निदान पत्रा कोरा ठेवून सांगते. माणसं भिडेखातर "छान आहे" म्हणतात आणि आपण रिपोर्ट बाइंड करायला टाकतो.

म्हणून माझी एक सूचना आहे. प्रत्येक प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये सर्टिफिकेटनंतर एक पान असावं: ज्याच्यासाठी ही वस्तू केली, त्याने ती किती दिवस वापरली आणि का सोडली. त्यावर त्याची सही. सही मिळाली नाही, तर तसंच छापावं.

आमच्या रिपोर्टमध्ये ते पान आहे. त्यावर दोन फोटो आहेत, एका भरलेल्या चौकटीचा आणि एका कोऱ्या पत्र्याचा. खाली मामाची सही आहे. एक्स्टर्नलने ते पान उलटून थेट कॅल्क्युलेशन पाहिलं आणि "व्हेरी गुड" म्हणाला. मामाच्या दोन पेट्यांचा मध मात्र त्या वर्षी आला नाही तो नाहीच.