आंतलीं दालनें

जुन्या वाड्यांत पाहुणा ओसरीवर बसतो. धान्याची कणगी, देवघर आणि किल्ल्यांचा जुडगा मात्र आंत असतो. संगणकावरील ब्राउझरचीहि तीच रचना आहे. आपण रोज वापरतों ती त्याची ओसरी होय. फायरफॉक्सच्या पत्त्याच्या चौकटींत रोमन लिपींत 'अबाउट' हा शब्द, त्यापुढें विसर्गासारखीं दोन टिंबें आणि पुन्हां 'अबाउट' असें लिहिलें, कीं आंतल्या पृष्ठांची यादीच समोर येते.

कित्येक पालक अशा पृष्ठांचें नांव ऐकतांच मुलांना दूर सारतात. कित्येक विद्यार्थी तेथें शिरून दिसेल ती कळ फिरवितात. आमच्या मतें दोन्ही मार्ग चुकीचे आहेत. पाहणें आणि बदलणें यांतील भेद मुलांस शिकविला पाहिजे.

यादींतील 'सपोर्ट' हें पृष्ठ वैद्याच्या नाडीपरीक्षेसारखें आहे. ब्राउझरची आवृत्ति कोणती, त्यास कोणतीं एक्स्टेन्शन जोडलीं आहेत, हें तें सांगतें. 'प्रोसेसेस' या पृष्ठावर कोणतें पान किती मेमरी व्यापतें तें दिसतें. हीं नुसतीं वाचल्यानें कांहीं बिघडत नाहीं. उलट 'यंत्र मंद झालें' अशी तक्रार करण्याऐवजीं तें मंद कां झालें याचा शोध घेतां येतो.

'कॉन्फिग' हें मात्र किल्ल्यांचें दालन. त्याच्या दारावरच सावधगिरीची सूचना असते. क्रोममधील 'फ्लॅग्ज' पृष्ठ तर स्पष्ट बजावतें कीं, तेथील प्रयोग चालू केल्यास साठविलेली माहिती गमावण्याचा किंवा सुरक्षितता धोक्यांत येण्याचा संभव आहे. इतकें वाचूनहि कोणी अनोळखी मनुष्य सांगतो म्हणून तेथें फेरफार करणें, म्हणजे घराच्या किल्ल्या परक्याच्या हातीं देणें होय.

विद्यार्थिमित्रांनो, बदल करावयाचाच असेल, तर घरच्यांस विचारून, एका वेळीं एकच करावा आणि जुनें मूल्य आधीं वहींत टिपून ठेवावें. फायरफॉक्स बदललेलीं मूल्यें ठळक अक्षरांत दाखवितो. क्रोममध्यें सर्व प्रयोग पूर्ववत् करण्याचें बटण आहे. तथापि आपण कोणत्या हेतूनें काय बदललें, हें वहीच सांगते. शाळेच्या सामाईक संगणकावर तर हात आवरावाच. तेथें आपल्या उतावळेपणाचें फळ मागून बसणारास भोगावें लागतें.

पालकांनींहि एखाद्या सायंकाळीं मुलांसह हीं दालनें पाहावीं. बंद दारापाशीं मूल आज्ञा पाळावयास शिकेल. विवेक शिकावयाचा तर दार उघडें हवें आणि शेजारीं वडील मनुष्य हवें.