विश्लेषण : जुन्या प्लेस्टेशनमध्ये 'मॉडचिप' बसवणे गुन्हा आहे का?

सोनीच्या पहिल्या प्लेस्टेशनला ३ डिसेंबर २०२४ रोजी ३० वर्षे पूर्ण झाली. ज्यांनी ते शाळेत असताना हाताळले, ते आज चाळिशीत आहेत आणि माळ्यावरचा खोका खाली काढून मुलांना दाखवत आहेत. कन्सोल चालू होतो, पण सीडी वाचत नाही किंवा वाचली तरी 'चुकीची सीडी' म्हणून थांबतो. कर्जत किंवा खोपोलीत राहणाऱ्यासमोर अशा वेळी दोन वाटा असतात. एक म्हणजे लोकलने दादर गाठायचे, तिथून ग्रँट रोड आणि लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार. दुसरी म्हणजे गावातलाच मोबाइल दुरुस्तीवाला. त्याच्याकडे सोल्डरिंग गन आहे, भिंग आहे, हात स्थिर आहे. बसवायची चिप नखाएवढी आहे. प्रश्न एवढाच, की ती बसवल्याने त्याच्यावर किंवा ग्राहकावर गुन्हा दाखल होऊ शकतो का? भारतीय कायद्याचे उत्तर सरळ 'हो' किंवा 'नाही' असे नाही. ते हेतूवर आणि एका वहीवर अवलंबून आहे.

मॉडचिप नेमके काय करते?

पहिल्या प्लेस्टेशनच्या अस्सल सीडीवर, सुरुवातीच्या भागात, माहितीचा मार्ग मुद्दाम किंचित डळमळीत ठेवलेला असतो. त्या डळमळण्यात चार अक्षरांचा संकेत दडलेला असतो. जपानसाठी, अमेरिकेसाठी आणि युरोपसाठी शेवटचे अक्षर वेगळे. कन्सोल सुरू होताना आधी हा संकेत वाचतो. तो आपल्या प्रदेशाचा असेल तरच गेम सुरू होतो. घरगुती सीडी रायटरला हा भाग लिहिता येत नाही. म्हणजे गेमची माहिती जशीच्या तशी उतरवली, तरी संकेत येत नाही आणि नक्कल चालत नाही.

मॉडचिप ही बहुधा आठ पायांची छोटी मायक्रोकंट्रोलर चिप असते. तिच्या काही तारा मदरबोर्डवर ठरावीक जागी सोल्डर करतात. सीडीकडून जो संकेत यायला हवा, तो ही चिपच कन्सोलला पाठवत राहते. पुढे काही गेम 'संकेत नको तेव्हाही येतोय' हे ओळखून बंद पडू लागले. तेव्हा तपासणी होताच गप्प बसणाऱ्या चिप आल्या.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. चिपला फरक कळत नाही. जपानहून पैसे मोजून आणलेली अस्सल सीडी आणि रस्त्यावर घेतलेली चोरीची सीडी, दोन्हींसाठी ती तोच संकेत पाठवते. कायद्याची सगळी गुंतागुंत इथून सुरू होते.

'कॅसेट'च्या काळात चिप का लागली नाही?

नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या घराघरांत टीव्हीला जोडून जे 'मारिओ' आणि 'कॉन्ट्रा' खेळले गेले, ते बहुतेक निन्टेन्डोच्या फॅमिकॉमच्या नकलांवर. १९८३ मध्ये जपानमध्ये आलेल्या फॅमिकॉममध्ये कुलूप नव्हते. १९८५ मध्ये अमेरिकेत तोच कन्सोल वेगळ्या रूपात आला, तेव्हा निन्टेन्डोने कॅसेट तपासणारी चिप आत बसवली. भारतात आलेल्या स्वस्त नकला बिनकुलपाच्या जपानी आराखड्यावर बेतलेल्या होत्या. त्यामुळे एका कॅसेटमध्ये शेकडो गेम असल्याचा दावा करणारा मालही विनासायास चालत होता.

सीडीच्या काळात चित्र बदलले. आखाती देशांतून किंवा सिंगापूरहून नातेवाइकांनी आणलेला कन्सोल एका प्रदेशाचा आणि इथे मिळणारी सीडी दुसऱ्या प्रदेशाची, असे होऊ लागले. भारतात टीव्हीची पद्धत 'पाल', तर अमेरिका-जपानची 'एनटीएससी'. जुन्या टीव्हीवर परदेशी गेमचे चित्र कृष्णधवल दिसे किंवा वरखाली पळे. अशा वेळी चिप ही चोरीची गरज होती, तशी सोयीचीही होती.

आज चिप बसवण्याची गरज का पडते?

मुख्य कारण म्हणजे झीज. पहिल्या प्लेस्टेशनच्या सुरुवातीच्या मॉडेलमध्ये लेन्स प्लास्टिकच्या पट्टीवर सरकते. पट्टी झिजली, की लेन्स तिरकी होते. त्या काळी अनेक जण कन्सोल उलटा ठेवून गेम चालवायचे, ते याचसाठी. त्यात कर्जत आणि खालापूर हे सह्याद्रीच्या पायथ्याचे, मुसळधार पावसाचे तालुके. चार महिने दमट हवेत बंद खोक्यात राहिलेल्या लेन्सवर बुरशी धरते आणि जोडांवर गंज चढतो.

नवी लेन्स मिळणे दिवसेंदिवस अवघड होत आहे. म्हणून आता सीडी ड्राइव्हच काढून त्या जागी मेमरी कार्ड वाचणारा बोर्ड बसवला जातो. त्याला ऑप्टिकल ड्राइव्ह एम्युलेटर म्हणतात. काही कन्सोलमध्ये तर सोल्डरिंगही लागत नाही, केवळ मेमरी कार्डवरच्या सॉफ्टवेअरने काम होते. तंत्र बदलले, पण कायद्याच्या नजरेत प्रश्न तोच राहतो : कंपनीने लावलेले कुलूप बाजूला सारले गेले.

जपानहून कन्सोल मागवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहायला हवी. जपानमध्ये घरगुती वीज १०० व्होल्टची आहे, आपल्याकडे २३० व्होल्टची. तिथला कन्सोल ट्रान्सफॉर्मरशिवाय इथल्या प्लगमध्ये लावला, तर चिपचा प्रश्न उरतच नाही. आतला पॉवर सप्लायच जळतो.

भारतीय कायदा काय म्हणतो?

कॉपीराइट कायदा १९५७ चा. २०१२ च्या दुरुस्तीने त्यात कलम ६५ अ आले. त्यानुसार, हक्कांच्या संरक्षणासाठी लावलेला परिणामकारक तांत्रिक उपाय जो कोणी 'हक्कभंग करण्याच्या हेतूने' निकामी करतो, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो.

'हेतूने' हा शब्द महत्त्वाचा. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यात कुलूप तोडणे हेच मुळात निषिद्ध आहे आणि अशी साधने विकण्यावरही बंदी आहे. भारताने तो रस्ता घेतला नाही. इथे कुलूप तोडण्यामागे हक्कभंगाचा हेतू असावा लागतो. चिपच्या विक्रीवरही या कलमात वेगळी बंदी नाही. म्हणजे स्वतः विकत घेतलेली जपानी सीडी चालावी म्हणून कन्सोलमध्ये चिप बसवणे या कलमात सहज बसत नाही.

मग दुकानदाराने वही का ठेवायची?

याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात अपवाद आहेत. कायद्याने स्पष्टपणे मना न केलेल्या कारणासाठी कुलूप काढता येते. मात्र पुढे अट आहे : दुसऱ्यासाठी असे काम करून देणाऱ्याने त्या व्यक्तीची संपूर्ण नोंद ठेवली पाहिजे. नाव, पत्ता, ओळख पटवणारा इतर तपशील आणि काम कशासाठी करून दिले, ते कारण.

हा भार ग्राहकावर नाही, कारागिरावर आहे. खोपोलीच्या बाजारातला दुरुस्तीवाला रोज डिस्प्ले आणि बॅटरी बदलतो. चिप बसवणे हे त्याच्यासाठी आणखी एक काम. पण नोंद नसेल, तर अपवादाचा आधार घेताना त्याची बाजू लंगडी पडते. शिवाय 'परिणामकारक तांत्रिक उपाय' म्हणजे काय, याची व्याख्या कायद्यात नाही. प्रदेशाचे कुलूप हे हक्काचे संरक्षण की फक्त बाजारपेठा वाटून घेण्याची सोय, यावर वाद होऊ शकतो. तो वाद लढण्याची ऐपत मोठ्या कंपनीकडे असते, छोट्या दुकानदाराकडे नसते.

खरा धोका चिपमध्ये की सीडीत?

शिक्षेच्या तरतुदी शेजारी ठेवल्या, तर उत्तर स्पष्ट होते. कलम ६५ अ मध्ये कमाल शिक्षा दोन वर्षे आहे. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेचे गुन्हे सर्वसाधारणपणे अदखलपात्र आणि जामीनपात्र असतात. म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास सुरू करू शकत नाहीत.

चोरीच्या प्रती विकणे हे मात्र कलम ६३ मध्ये येते. तिथे सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 'निट प्रो इंटरनॅशनल' प्रकरणात मे २०२२ मध्ये दिला. कलम ६४ नुसार पोलीस उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारी वॉरंटशिवाय अशा प्रती जप्त करू शकतो. म्हणजे चिप बसवून वर 'पाच गेम फुकट' देणारा दुकानदार स्वतःहून सौम्य कलमातून कडक कलमात जातो. शिवाय त्या पाच सीडी त्याच्या हेतूचा पुरावाही ठरतात.

घरी खेळणाऱ्यासाठी कायदा काहीसा उदार आहे. कलम ५२ नुसार, संगणक प्रणालीची प्रत कायदेशीररीत्या बाळगणाऱ्याला ती नष्ट होण्याच्या भीतीने बॅकअप घेता येतो. वैध प्रतीवरून वैयक्तिक, बिगरव्यापारी वापरासाठीही प्रत काढता येते. आपल्याकडची सीडी मेमरी कार्डावर उतरवणे यात बसू शकते. इंटरनेटवरून न घेतलेला गेम उतरवणे बसत नाही. 'गेम इतका जुना आहे, आता कोणाचा हक्क?' हा समजही चुकीचा आहे. १९९७ मध्ये आलेल्या गेमवरचे हक्क २०५७ च्या आत संपत नाहीत.

इतर देशांत काय झाले?

ऑस्ट्रेलियात सिडनीच्या एका विक्रेत्याने प्लेस्टेशनमध्ये चिप बसवून दिल्या, म्हणून सोनी न्यायालयात गेली. 'स्टीव्हन्स विरुद्ध सोनी' या नावाने गाजलेल्या या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने ऑक्टोबर २००५ मध्ये विक्रेत्याच्या बाजूने निकाल दिला. सोनीचे कुलूप नक्कल करण्यापासून रोखत नाही, आधीच झालेली नक्कल चालवण्यापासून रोखते, म्हणून ते त्या वेळच्या व्याख्येत बसत नाही, असा तर्क होता. पण अमेरिकेशी झालेल्या व्यापार करारानंतर ऑस्ट्रेलियाने कायदाच बदलला आणि निकालाचा फायदा टिकला नाही.

अमेरिकेत कायदा कडक असला, तरी दर तीन वर्षांनी सवलतींचा फेरविचार होतो. २०२१ मध्ये तिथे कन्सोलचा ऑप्टिकल ड्राइव्ह दुरुस्त करण्यासाठी कुलूप काढण्याची मुभा मिळाली. म्हणजे झिजलेल्या लेन्सचा प्रश्न तिथल्या नियमांनी नावानिशी ओळखला. जपणुकीचा प्रश्न मात्र तिथेही सुटलेला नाही. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या अभ्यासानुसार, अमेरिकेत २०१० पूर्वी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के गेम आज बाजारात उपलब्धच नाहीत.

दुरुस्तीच्या हक्कात कन्सोल कुठे?

केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि डिसेंबर २०२२ मध्ये पोर्टल सुरू केले. शेती अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, टिकाऊ ग्राहकोपयोगी वस्तू आणि वाहने ही त्याची चार क्षेत्रे. सुटे भाग, माहितीपुस्तिका आणि सेवा केंद्रे यांवर भर आहे. पण कंपनीने २००६ मध्ये बंद केलेल्या यंत्राचे कुलूप दुरुस्तीसाठी कोणी उघडायचे, हा प्रश्न कॉपीराइट कायद्याच्या हद्दीत राहतो. 'दुरुस्ती' हे कारण अपवादांच्या यादीत स्वतंत्रपणे लिहिले गेले, तर कारागिराला हेतू सिद्ध करण्याच्या फेऱ्यातून सुटका मिळेल.

तोपर्यंत व्यवहार्य नियम साधा आहे. ग्राहकाने आपल्याकडच्या अस्सल सीडी जपून ठेवाव्यात, कारण हेतूचा तोच सर्वांत सोपा पुरावा आहे. कारागिराने गेम विकू नयेत आणि देऊही नयेत. आणि चिप बसवण्याआधी वहीत चार ओळी लिहाव्यात : कोणाचा कन्सोल, कुठला पत्ता, काय काम, कशासाठी.