नळीची पारख आणि न्यूनतम दर

माझा एक शाळासोबती गेली पंचवीस वर्षे अमेरिकेतील टेक्सस राज्यात अभियंता म्हणून नोकरी करीत आहे. पन्नाशी उलटल्यावर माणसांना निरनिराळे छंद जडतात. त्याला दूर अंतरावरच्या नेमबाजीचा जडला. गेल्या हिवाळ्यात त्याच्या रायफलची नळी झिजली आणि नवी नळी एखाद्या नामांकित कारागिराकडून मागणीबरहुकूम करवून घ्यावी, असे त्याने ठरविले. अभियंताच तो! चार उत्पादक, त्यांचे दर, प्रतीक्षेचे महिने आणि पोलादाचा प्रकार असे कोष्टक करून त्याने मला पाठविले व खाली एक ओळ लिहिली : "तुझ्या सरकारी नियमांप्रमाणे यातली कोणती नळी घेशील रे?"

उत्तर द्यायला मला अर्धे मिनिटही लागले नाही. सर्वांत स्वस्त. ते उत्तर त्याला कळविले, दोघेही हसलो, विषय संपला. माझ्या मनातून मात्र तो गेला नाही. त्यानिमित्ताने नळ्यांविषयी जे वाचले आणि त्यावरून सरकारी खरेदीविषयी जे सुचले, ते येथे मांडतो.

रायफलच्या नळीच्या आतल्या भिंतीवर सर्पिल खाचा असतात. त्यांच्यामुळे गोळीला स्वतःभोवती फिरकी मिळते व ती हवेत स्थिर राहते. या खाचा पाडण्याच्या प्रमुख पद्धती तीन. पहिलीत एक लहानसे पाते नळीतून पुन्हा पुन्हा ओढले जाते. प्रत्येक फेरीला ते मिलिमीटरचे काही हजारावे भाग एवढेच पोलाद खरवडते, त्यामुळे एका नळीला शेकडो फेऱ्या लागतात. दुसरीत टंगस्टन कार्बाइडचे अतिकठीण बटण नळीतून एकदाच दाबून नेतात. काम मिनिटाभरात होते, पण पोलादात ताण उरतो आणि तो उष्णता देऊन काढावा लागतो. तिसरीत खाचांचा उलटा ठसा असलेला दांडा नळीत घालून बाहेरून यांत्रिक हातोड्यांनी नळी त्यावर ठोकतात. ही पद्धत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत विकसित झाली. कारण उघड होते : युद्धाला नळ्या लवकर आणि पुष्कळ हव्या होत्या.

यांपैकी उत्तम पद्धत कोणती, हा नवख्याचा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर बोधप्रद आहे. विस्कॉन्सिनमधील क्रीगर व बार्टलाइन हे पात्याने खाचा कापणारे. टेक्ससचे शिलेन, मोंटानाचे लिल्या आणि तसेच हार्ट हे बटणवाले. अचूक नेमबाजीत या सर्वांच्या नावाला मान आहे. म्हणजे पद्धतीवरून गुणवत्ता ठरत नाही. नळीचा आतला व्यास टोकापासून टोकापर्यंत सारखा आहे का, खाचांचा पेच कुठे सैल वा घट्ट झालेला नाही ना आणि आतला पृष्ठभाग शिसे व बारीक अपघर्षक यांनी हाताने घासून एकसारखा केला आहे का, यावर ती ठरते. चांगले कारागीर हवेच्या दाबावर चालणाऱ्या मापकाने हा व्यास तपासतात. त्यांची भाषा इंचाच्या दहाहजाराव्या भागाची, म्हणजे सुमारे अडीच मायक्रॉनची असते.

टिकाऊपणाविषयीही असाच एक गैरसमज आहे. नळी झिजते ती मुख्यतः काडतूस बसते त्या कोठीच्या लगेच पुढे. या व्यवसायात त्या भागाला घसाच म्हणतात. तेथे प्रत्येक बाराला तापलेल्या वायूंचा झोत लागतो व पोलाद हळूहळू भाजून निघते. ३०८ विंचेस्टरसारख्या सौम्य काडतुसावर स्पर्धेची नळी साधारण पाच हजार बार अचूक राहते, साडेसहा मिलिमीटरच्या क्रीडमूरवर दोन ते तीन हजार, आणि लहान गोळीमागे भरपूर दारू भरणाऱ्या काही काडतुसांवर हजार-दीड हजारांतच तिचा घसा बसतो. बार भराभर काढले, नळी थंड होऊ दिली नाही, तर हे आयुष्य आणखी घटते. म्हणजे टिकाऊपणाचा मोठा वाटा नळी घडविणाऱ्याच्या हाती नाहीच; तो वापरणाऱ्याच्या हाती आहे. आमच्या निविदांत मात्र आम्ही पुरवठादाराकडून टिकाऊपणाची हमी घेतो आणि वस्तू कशी वापरली जाईल याविषयी एक शब्दही लिहीत नाही.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे जॉर्ज अॅकरलॉफ आठवल्याशिवाय राहत नाहीत. १९७० साली त्यांनी जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले की, मालाचा दर्जा विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला अज्ञात असेल, तर वाईट माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकून लावतो. २००१ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. नळीला हे वर्णन तंतोतंत लागू पडते. टेबलावर ठेवलेल्या दोन चकचकीत नळ्यांत डोळ्यांना भेद दिसत नाही. तरीही त्या बाजारात चांगला कारागीर टिकून आहे, गिऱ्हाईक त्याच्यासाठी महिनोन् महिने थांबते. हे कसे घडते? गिऱ्हाईक दर पाहण्याआधी बरेच काम करते, म्हणून.

माझ्या मित्राने केलेले काम क्रमाने सांगतो. प्रथम त्याने उपयोग ठरविला : सहाशे यार्डांवर कागदी लक्ष्य, वर्षाला सुमारे आठशे बार. सैनिकाची गरज वेगळी. त्याला चिखलात, पावसात, तापलेल्या अवस्थेतही चालणारी नळी हवी, म्हणून लष्करी नळीला आतून क्रोमचा मुलामा देतात आणि त्यापायी अचूकतेत थोडी तूट पत्करतात. दोन्ही नळ्या आपापल्या जागी उत्तमच. "सर्वोत्तम नळी" असे काही नसते.

मग त्याने पुरावा तपासला. विक्रेते तीन गोळ्यांच्या गटाचे छायाचित्र दाखवितात. तीन गोळ्या म्हणजे तीन निरीक्षणे. त्याच रायफलीने दहा गोळ्या झाडल्या, तर गटाचा विस्तार सरासरीने दीडपटीहून अधिक भरतो. म्हणून त्याने मोठ्या गटांचेच आकडे जमेस धरले. स्पर्धांच्या अहवालांत विजेत्यांनी कोणाच्या नळ्या वापरल्या याची यादी पुष्कळदा असते. तीही त्याने पाहिली, पण छेद विसरला नाही : शंभरांतील साठ स्पर्धक एकाच उत्पादकाची नळी वापरीत असतील, तर पहिल्या दहांत त्या सहा असणे हा त्या उत्पादकाचा पराक्रम नव्हे.

त्यानंतर त्याने एकूण खर्च मांडला. मानू या, कच्ची नळी चारशे डॉलरची. ती रायफलीला बसविण्याचे आणि कोठी कोरण्याचे आणखी चारशे. नळीच्या आयुष्यात अडीच हजार बार झाले आणि चांगले काडतूस एक डॉलरचे धरले, तर अडीच हजार डॉलर काडतुसांचे. एकूण तेहतीसशे. सर्वांत महाग आणि सर्वांत स्वस्त नळीत दोनशे डॉलरचे अंतर असेल, तर ते एकूण खर्चाच्या सहा टक्के. त्या सहा टक्क्यांसाठी उरलेले चौऱ्याण्णव टक्के धोक्यात घालायचे का, हा खरा प्रश्न. शिवाय उत्तम नळी वाईट हाताने बसविली, कोठी नळीच्या अक्षाशी तिरपी कोरली गेली, तर सारे व्यर्थ. म्हणून बसविणारा कारागीर त्याने नळीच्या आधी ठरविला.

हे सारे झाल्यावर, अगदी शेवटी, त्याने दर पाहिले.

आता माझी बाजू. काही वर्षांपूर्वी उत्तरेकडील एका शहरात नेमणूक असताना कर्मचारी वसाहतीसाठी पाण्याचे पंप घ्यायचे होते. खरेदी समितीचा मी अध्यक्ष होतो. तांत्रिक लिफाफे उघडले. उलाढाल, अनुभवाची वर्षे, प्रमाणपत्रे, सारे निविदाकार पात्र. दर उघडले, एक निविदा इतरांहून बरीच खाली. समितीतला तरुण कनिष्ठ अभियंता बैठकीनंतर थांबला आणि म्हणाला, "सर, इथल्या विजेच्या दाबात या पंपांची वाइंडिंग टिकत नाही." मी विचारले, "निविदेत विजेच्या दाबाची काही अट आहे का?" नव्हती. मग मी तौलनिक तक्त्यावर सही केली. दुसऱ्या उन्हाळ्यात तीनपैकी दोन पंप एकाच आठवड्यात जळाले आणि अडीचशे कुटुंबे टँकरपुढे हंडे घेऊन उभी राहिली. लेखापरीक्षणाने त्या खरेदीवर एकही आक्षेप घेतला नाही. फाइल निर्दोष होती.

पुष्कळ दिवस मी या प्रकरणाचा दोष न्यूनतम दराच्या नियमाला, आमच्या भाषेत एल-वनला, देत आलो. आज मला तसे वाटत नाही. तो नियम आकाशातून पडलेला नाही. खरेदीतला विवेकाधिकार कसा विकला जातो हे या देशाने पाहिले आहे. १९६४ साली केंद्रीय दक्षता आयोग स्थापन झाला तो उगाच नव्हे. माझा मित्र स्वतःचे पैसे खर्च करतो आणि चुकला तर स्वतः भोगतो. मी दुसऱ्यांचे पैसे खर्च करतो आणि चुकलो तर वसाहतीतल्या बायका हंडे घेऊन उभ्या राहतात. माझ्यावर त्याच्यापेक्षा अधिक बंधने असलीच पाहिजेत.

पण एल-वनचा नियम काय म्हणतो? समान दर्जाच्या वस्तूंतून स्वस्त ती घ्या. ही समानता कोणी ठरवायची, कधी ठरवायची? दर उघडण्याआधी, आणि आम्हीच. तेच काम आम्ही करीत नाही. पात्रतेच्या अटींत आम्ही उलाढाल विचारतो, कारण ती ताळेबंदात दिसते. व्यास सारखा आहे का, हे विचारीत नाही, कारण ते मोजावे लागते. कधी उलट टोक गाठतो आणि वस्तूने काय करून दाखवावे हे सांगण्याऐवजी ती कोणत्या पद्धतीने बनवावी हे लिहून बसतो. मग पातेवाला तेवढा उरतो आणि तितकीच चांगली नळी करणारा बटणवाला दाराबाहेर राहतो. नियमांत वाव नाही, ही सबबही पुरती खरी नाही. २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतील १४४ वा नियम विनिर्देश स्पष्ट आणि गरजेपुरतेच असावेत, असे सांगतो. वित्त मंत्रालयाने २९ ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांद्वारे ठरावीक कामांसाठी व बिगर-सल्ला सेवांसाठी दराबरोबर गुणवत्तेलाही तीस टक्क्यांपर्यंत भार देण्याची मुभा दिली. वस्तूंच्या साध्या खरेदीला ती मुभा नाही, हे मान्य. पण पंपाच्या निविदेत विजेच्या दाबाची मर्यादा लिहायला आणि नमुना त्या दाबावर चालवून पाहायला कोणत्याही मुभेची गरज नव्हती.

नमुना तपासणे ही काही चैन नव्हे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळविले. त्या लक्ष्यावर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो. या पातळीवरचे नेमबाज काडतुसेदेखील नावावरून घेत नाहीत. एकाच कारखान्याच्या, एकाच नावाच्या काडतुसांच्या निरनिराळ्या खेपा आपल्या नळीतून झाडून पाहतात आणि जी खेप त्या नळीला मानवते ती घेतात.

तो कनिष्ठ अभियंता निविदा लिहिली गेली तेव्हा खोलीत नव्हता. त्याला कोणी बोलावलेच नव्हते. निविदेचा मसुदा मागच्या खरेदीच्या फाइलवरून उतरवून घेतला होता. हल्ली मी एक प्रथा पाळतो. मसुद्यावर सही करण्याआधी ती वस्तू प्रत्यक्ष चालविणाऱ्या माणसाला बोलावतो आणि विचारतो, "ही वस्तू बिघडते ती कशाने?" त्याचे उत्तर टिपणीत त्याच्या शब्दांत लिहून घेतो आणि त्यातले जे मोजता येईल ते अटींत घालतो. त्यामुळे प्रत्येक प्रस्ताव दोन-तीन आठवडे लांबतो व वरिष्ठांची विचारणाही होते. ती सोसावी लागते.

मित्राने अखेर चौघांपैकी तिसऱ्या क्रमांकाच्या दराची नळी मागविली. कारणे त्याने चार ओळींत लिहून ठेवली होती : उपयोग, पुरावा, एकूण खर्च, बसविणारा कारागीर. "तुझ्या ऑडिटला चालेल का?" असे त्याने विचारले. मी लिहिले की चालेल. फक्त या ओळी दर कळण्याच्या आधी लिहिल्या होत्यास की नंतर, हे ते विचारतील.

"आधी," त्याचे उत्तर आले.